लाडूंचे डबे पुरे, कुकर लावायला शिकवा

जुन्या सामानाच्या जाहिराती चाळत बसायची मला जुनी खोड आहे. दुबई-शारजातल्या या जाहिरातींत दर दोन-तीन महिन्यांनी एक ओळ हमखास दिसते: प्रेशर कुकर, तीन लिटर, भारतातून आणलेला, एकदाही न वापरलेला. ती कोणी टाकली असेल हे मला न विचारता कळतं. पंचविशीतला मुलगा, इंजिनिअर नाहीतर सीए. निघायच्या आदल्या रात्री आईने बॅगेत कुकर कोंबला. आतली जागा वाया जाऊ नये म्हणून त्यात मेतकुटाची पुडी आणि लसणाच्या चटणीची बरणी घातली. चटणी पंधरा दिवसांत संपली. कुकर खोक्यातून बाहेरच आला नाही.

तीस किलोच्या बॅगेत आपण दहा-बारा किलो खाऊ भरतो. बेसनाचे लाडू, चकल्या, भाजणी, गोडा मसाला, लिंबाचं लोणचं. ते संपल्यावर पुढे काय, असं विचारलं तर उत्तर तयार असतं: "तिकडे सगळं मिळतं हो."

माझं म्हणणं साधं आहे आणि तुमच्यापैकी बऱ्याच जणांना ते आवडणार नाही. पंचवीस वर्षं वाढवलेल्या, शिकवलेल्या माणसाला स्वतःचं वाणसामान आणता येत नसेल, स्वतःपुरता दोन वेळचा स्वयंपाक करता येत नसेल, तर ते कौतुकाने सांगायचं नसतं. ती घराची हयगय आहे. तिला आपण माया म्हणतो, हे तर त्याहून वाईट.

आता तुम्ही म्हणाल, दोन वर्षांचा तर प्रश्न आहे, लग्न झालं की सुटेल. हे उत्तर आमिरातीत मुळीच चालत नाही. इथे 'बॅचलर' म्हणजे अविवाहित नव्हे. बायकामुलांशिवाय राहणारा तो बॅचलर, मग त्याच्या लग्नाला वीस वर्षं झालेली का असेनात. कुटुंब आणायचं तर पगार निदान चार हजार दिरहम, किंवा तीन हजार आणि वर राहायची सोय, अशी अट आहे. ती पुरी झाली तरी घरभाडं आणि शाळेची फी जमत नाही, म्हणून कितीतरी लोक घर खेडला, महाडला, कोल्हापूरला ठेवून इथे एकटे राहतात. आज मुलगा वर्षभरासाठी म्हणून येतो. किती वर्षं राहील हे त्याला माहीत नाही आणि तुम्हालाही नाही.

शिवाय इथलं एकटं राहणं म्हणजे एकट्याचं घर नव्हे. ते बहुधा 'बेडस्पेस' असतं: खोलीत एक पलंग, फ्रिजमध्ये एक कप्पा आणि सात-आठ जणांत एक ओटा. जाहिरातीत वायफाय, मेट्रोचं अंतर यांच्या शेजारी आणखी दोन शब्द असतात, 'कुकिंग अलाउड'. नव्या मुलाचं लक्ष त्या दोन शब्दांकडे जातच नाही. तो वायफायचा वेग विचारतो. तीन महिन्यांनी पोट बिघडतं तेव्हा त्याला कळतं की आपण घेतलेल्या जागेत शेगडी लावायलाच बंदी आहे. जागा बघताना स्वयंपाकघर बघायचं असतं, हे त्याला सांगणार कोण? घरी तो त्या खोलीत पाणी प्यायलाच जात होता.

स्वयंपाक न येण्याची आणखी एक किंमत असते, ती आपल्याला माहीतच नसते. खसखस या देशात बंदी असलेल्या वस्तूंमध्ये मोडते. कस्टमच्या दृष्टीने तो मसाला नव्हे, अफूच्या झाडाचं बी आहे. आता सांगा, तुमच्या घरच्या गोड्या मसाल्यात खसखस असते की नाही? अनारशांना लावलेली असते. काही घरी करंजीच्या सारणातही असते. तुम्हाला हे माहीत आहे, कारण मसाला तुम्ही भाजलात. बॅग ज्याच्या नावावर आहे त्याला माहीत नाही. आपण खातो त्यात काय असतं, याचा पत्ता नसलेला सुशिक्षित माणूस आपण परक्या देशाच्या कस्टमसमोर उभा करतो.

आता 'सगळं मिळतं' याकडे वळू. मिळतं, हे खरंच आहे. करामात उतरलात की कढीपत्ता, अळूची पानं, कैरी, शेवग्याच्या शेंगा. मराठी माणसाच्या सोयीसाठी तर दातारांचं अल अदील आहेच. १९८४ साली बर दुबईत छोट्या किराणा दुकानापासून सुरू झालं, आता थालीपीठाच्या भाजणीपासून उपवासाच्या पिठापर्यंत सगळं ठेवतं. देऱ्याच्या वॉटरफ्रंट मार्केटमध्ये सुरमई 'कनाद' या नावाने आणि पापलेट 'जुबेदी' या नावाने ढिगाने असतं. मासा घेतला की पलीकडच्या काउंटरवर साफ करून, तुकडे करून देतात. म्हणजे कोकणी माणसाला तर सबबच उरत नाही.

पण अडचण नेमकी तिथेच आहे. मिळतं म्हणून कोणी शिकत नाही. साठ-सत्तरच्या दशकात अमेरिकेला गेलेल्या मराठी मुलांना वरणभात हवा असेल तर स्वतः शिजवावा लागे. दुसरा मार्ग नव्हता. इथे मार्गच मार्ग आहेत. कोपऱ्यावरच्या ग्रोसरीत फोन केला की मलबारी मुलगा दुधाची पिशवी आणि कोथिंबिरीची जुडीही सातव्या मजल्यावर आणून देतो. मेसवाला रोज दोनदा डबा पोचवतो. नाहीतर फोनवर बोट फिरवलं की अर्ध्या तासात बिर्याणी. उन्हाळ्यात, १५ जून ते १५ सप्टेंबर, दुपारी साडेबारा ते तीन उघड्यावर काम करायला इथे कायद्याने मनाई आहे. त्या वेळातही तुमची बिर्याणी पाठीवर घेऊन एक मुलगा दुचाकीवरून येतच असतो. तो चकवालचा असेल, मुझफ्फरपूरचा असेल. आपल्या दीड वाटी भातासाठी त्याला पंचेचाळीस अंशात बाहेर काढताना आपल्याला काही वाटत नाही, कारण भात कसा होतो हेच आपल्याला ठाऊक नसतं. ठाऊक असतं तर लाज वाटली असती.

मी हे वरच्या पायरीवरून सांगत नाही. २००८ साली शारजात आलो तेव्हा पहिल्या शुक्रवारी मीही हायपरमार्केटात गेलो होतो. ऑफर होती म्हणून दहा किलो तांदूळ घेतला. पाच किलो कणीक घेतली, कणीक मळता येत नसताना. एक अख्खा कोबी, दोन किलो कांदे, तीन प्रकारची लोणची. खोलीवर येऊन बघतो तर मीठ नाही. तेल होतं, मोहरी नव्हती. हळदही नव्हती. कोबी आठ दिवसांनी टाकला. तांदळात दुसऱ्या महिन्यात सोंडे झाले. चौदाव्या वर्षी मला दोन अज्ञात राशींची समीकरणं सोडवता येत होती. एका माणसाला महिन्याला किती डाळ लागते, हे चोविसाव्या वर्षीही माहीत नव्हतं.

या फजितीतून मी एक गोष्ट शिकलो: स्वयंपाकातलं अर्धं कौशल्य बाजारात लागतं, आणि ते तर आपण कोणालाच शिकवत नाही. आईला फोन केला की ती फोडणी सांगते. एकट्याने भाजी किती घ्यायची हे सांगत नाही, कारण तिने आयुष्यात एका माणसापुरतं कधी आणलेलंच नसतं. व्हिडिओतली मंडळी चार माणसांचं प्रमाण देतात. आणि मीठ, तिखट, पाणी यांचं प्रमाण विचारलं की आपलं राष्ट्रीय उत्तर येतं: "अंदाजाने घाल." ज्याने कधी केलंच नाही त्याच्यापाशी अंदाज कुठून येणार? कमलाबाई ओगल्यांचं 'रुचिरा' १९७० साली आलं आणि घराघरांत गेलं, ते उगीच नाही. या बाईंनी वाटी-चमच्याची मापं दिली. नव्या माणसाला माप लागतं, हे त्यांना कळलं होतं. पुढे ते पुस्तक आपण लग्नात मुलींना आहेर म्हणून देत राहिलो. नोकरीला निघालेल्या मुलाच्या बॅगेत ते मी अजून पाहिलेलं नाही.

"पण डबा लावला की झालं ना?" डब्यावर माझा राग नाही. डबा करणाऱ्या बाईबद्दल तर आदरच आहे. आपल्याला या गोष्टीचा मोठा इतिहास आहे. मुंबईच्या गिरणगावात कोकणातून, देशावरून एकटे आलेले हजारो कामगार खानावळवाल्या बायकांकडे जेवले. या बायका वाण्याची उधारी आणि सावकाराचं व्याज यांत पिचत होत्या. १९७५ साली प्रेमाताई पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं आणि त्यांना बँकेची कर्जं मिळवून दिली, तेव्हा कुठे त्यांच्याकडे कष्टकरी म्हणून बघितलं गेलं. गिरणी कामगाराला निमित्त होतं. एका खोलीत पाळ्यापाळ्यांनी झोपणारी पंधरा-वीस माणसं, तिथे चूल कुठे मांडणार? तुमच्या मुलाला ते निमित्त नाही. त्याला ओटा आहे, फ्रिज आहे, आणि रविवारची सुट्टी आहे.

तेव्हा डबा ही त्याची सोय आहे की त्याची लाचारी, एवढंच मी विचारतो. ज्याला शिजवता येतं तो कामाच्या गर्दीत डबा लावतो आणि नको तेव्हा बंद करतो. ज्याला येत नाही तो डब्यात येईल ते गिळतो: तेलाचा तवंग, ढीगभर पांढरा भात, बटाटा. आणि वाट बघतो. कशाची, ते तुम्हाला माहीत आहे. बायको येण्याची. केंद्र सरकारच्या २०१९च्या वेळ-वापर पाहणीत घरचं बिनपगारी काम दिवसभरात करणाऱ्या स्त्रिया ८१.२ टक्के निघाल्या, पुरुष २६.१ टक्के. काम करणाऱ्यांतही स्त्रियांचा रोजचा वेळ सरासरी २९९ मिनिटं, पुरुषांचा ९७. हा फरक आकाशातून पडलेला नाही. "त्याला चहासुद्धा करता येत नाही" असं पाहुण्यांसमोर हसून सांगणाऱ्या घरांत तो तयार होतो. लग्न ठरवताना मुलाचा पगार विचारता, व्हिसा विचारता; त्याला वरणभात येतो का, हेही विचारा. इथे येणाऱ्या मुलीच्या आयुष्यातले रोजचे दोन तास त्यावर ठरतात.

मुलींच्या बाबतीत अलीकडे एक नवीन अभिमान ऐकू येतो: "आमच्या मुलीला आम्ही स्वयंपाकघरात पाऊल टाकू दिलं नाही, नुसता अभ्यास." सक्ती गेली हे उत्तमच झालं. ती कधीच जायला हवी होती. पण मुलाला शिकवून बरोबरी साधायची, ती आपण मुलीलाही न शिकवून साधली. आता दोघंही सारखेच परावलंबी. आपल्या इथल्या घरांत तर हे आणखी पक्कं आहे, कारण बऱ्याच घरी पोळीभाजीला बाई येते. इथे वाढलेलं पोर अठराव्या वर्षी पुण्याला, मणिपालला, नाहीतर कॅनडा-नेदरलँड्सला जातं. त्याने आईवडिलांनाही कधी कांदा चिरताना पाहिलेलं नसतं. भारतातल्या आईबापांना मी बोललो, पण पुढची चूक आपण इथे बसून करतो आहोत.

"वेळ कुठे आहे?" हा शेवटचा बचाव. शारजातून दुबईला कामाला जाणाऱ्याचे येण्याजाण्यात रोज अडीच-तीन तास जातात, मला माहीत आहे, मीही गेलोय. म्हणून पंचपक्वान्नं शिकवा असं मी म्हणतच नाही. वेळेपेक्षा जास्त आडवी येते ती पोळी. पोळी गोल व्हायला हवी, फुगायला हवी, या दराऱ्याने निम्मी माणसं स्वयंपाकाच्या वाटेलाच जात नाहीत. पोळी राहू द्या. इथे अफगाणी-इराणी तंदूरवाला एक-दोन दिरहमला गरम रोटी देतो, खुबूस तर जागोजागी आहे. शिकायचं ते इतकंच: अर्धी वाटी तांदूळ, पाव वाटी तूरडाळ, कुकरमध्ये दोन भांडी. याच मापाने रोज एकदा केलं तर एक किलो डाळ महिनाभर जाते. दहा किलोची ऑफर आपल्यासाठी नाही. ज्या जागांत गॅस नसतो तिथे विजेची शेगडी असते. तिची तबकडी बंद केल्यावरही तापलेली राहते, म्हणून तिसऱ्या शिट्टीची वाट न बघता दुसऱ्या शिट्टीलाच बटण फिरवायचं. रवा आणि पिठं उन्हाळ्यात फ्रिजमध्ये. कोथिंबीर निवडून कागदात गुंडाळून. भाजी आठवड्यात तीनच, आणि पालेभाजी आणली त्याच दिवशी करायची. वरणभात, एक उसळ, एक परतलेली भाजी, मुगाची खिचडी, अंडी. एवढ्यावर माणूस वर्षानुवर्षं नीट राहतो.

यातून आणखी काहीतरी मिळतं, ते मला नंतर कळलं. ८ डिसेंबर २०२३ला भारताने कांद्याची निर्यात बंद केली आणि ती मनाई ४ मे २०२४ला उठली. त्या काही महिन्यांत इथले भाव चढले, नाशिकच्या कांद्याच्या जागी इतर देशांचे कांदे दिसू लागले. जो स्वतः बाजार करत होता त्याला लासलगावात काय चाललंय हे इथल्या टोपलीपुढे उभं राहून कळत होतं. ज्याचं जेवण डब्यातून येतं त्याला पत्ताही नव्हता. गावाशी नातं राखायला आपण इथे ढोलताशा पथकं काढतो, गणपतीत नाटकं बसवतो. बाजारात जाऊन कांदा निवडणं हाही त्यातलाच भाग धरायला हवा.

आणि हे सगळं का म्हणून इतकं लावून धरतो, तेही सांगतो. माझ्या पहिल्या खोलीत खेडकडचे एक काका होते. त्यांची या देशातली एकोणीस वर्षं झाली होती, घरचे सगळे गावाला. एकोणीस वर्षं मेसचं जेवण आणि दिवसाला सहा-सात कडक गोड चहा. एका तपासणीत साखर निघाली, बरीच वाढलेली. डॉक्टरांनी आहाराचा कागद दिला: भात कमी, पालेभाजी, मोडाची कडधान्यं, ज्वारी-नाचणीची भाकरी. काकांनी तो कागद दोनदा वाचला, घडी घालून उशीखाली ठेवला आणि म्हणाले, "हे करणार कोण?"

या प्रश्नात विनोद नव्हता. औषध परवडत होतं, डॉक्टर चांगला होता, नाचणीचं पीठ चालत दहा मिनिटांवर मिळत होतं. फक्त ते भाकरीपर्यंत नेणारे हात दोन हजार किलोमीटर लांब होते. पुढे त्यांची बायको रोज रात्री फोनवरून एकेक पायरी सांगायची आणि आम्ही दोघं तिचं ऐकून करायचो. पहिल्या भाकरीचे चार तुकडे झाले. महिन्याभराने त्यांना जाडजूड का होईना, अख्खी भाकरी यायला लागली. सत्तेचाळिसाव्या वर्षी. पण पायाच्या बोटांना आलेला बधिरपणा काही गेला नाही. एकदा उसळीचे मूग निवडता निवडता ते म्हणाले, "हे मला विसाव्या वर्षी सांगायला काय झालं होतं सगळ्यांना?" मी काही बोललो नाही. मलाही कोणी सांगितलं नव्हतं.

म्हणून आता तुम्हाला विचारतो. तुमच्या घरातलं कोणी येत्या वर्षात बाहेर पडणार असेल, मुलगा असो की मुलगी, तर जाण्याआधीचा एक महिना घरचं वाणसामान त्याच्या हाती द्या. पैसेही त्याच्याच हाती. मीठ आणायला विसरला तर एक दिवस अळणी जेवा, शेजारून आणू नका. भात करपला तर करपलेला खा. मध्ये पडायचा मोह होईल, तुम्ही पाच मिनिटांत करू शकता ते त्याला पाऊण तास लागेल आणि ओट्याचा उकिरडा होईल. होऊ द्या. मसाला भाजाल तेव्हा त्याला शेजारी उभा करा आणि कढईत पडणारं एकेक नाव सांगा. यंदा खसखस वगळा.

लाडू हवे तर द्या, आनंदाने खाईल. कुकरही पाठवा. पण नवा कोरा, खोक्यातला नको. महिनाभर त्याच्या हातून वापरलेला, आतून काळा पडलेला, शिट्टीचा आवाज त्याच्या ओळखीचा झालेला असा पाठवा. तो कोणी जाहिरातीत विकायला काढत नाही.